डाव्या अंगाचा रस्ता

टेंभुर्णीच्या स्टँडवर पाशामियाँची जीप लागलेली असली, की गिऱ्हाईक आधी काचेवर टकटक करायचं. आत पाशामियाँ डोळे उघडे ठेवून बसलेला असायचा, पण तो तिथे नसायचा. समोरचा रस्ता जाफराबादला जातो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पाशामियाँला मात्र तो जाफराबादला पोचून थांबतो, हे काही केल्या पटत नसे. रस्ता थांबतो कसा? तो पुढे जातच असणार, जंगलातून, नदीच्या कडेनं, पार बर्फाच्या डोंगरांपर्यंत. आपण मधेच उतरतो, एवढंच. असं काहीबाही डोक्यात चालू असताना कुणीतरी काच वाजवायचं, "ओ भाई, राजूरला चलता का?", आणि पाशामियाँ बर्फातून खाली उतरून गाडीला चावी लावायचा.

बाप पिंजारी होता. गाद्या-रजया भरत गावोगाव हिंडला आणि कापसाची धूळ छातीत घेऊन गेला. पोरानं बापाच्या कापूस पिंजायच्या धनुकलीला हात लावला नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, मार खाल्ला, हात काळे केले आणि एक्याऐंशी साली जालन्याला जाऊन लायसन काढून आला. त्या घराण्यातलं फोटो चिकटवलेलं, शिक्का मारलेलं ते पहिलं पुस्तक. बायको सुगराबीनं त्यासाठी प्रत्येक सदऱ्याला आतून वेगळा खिसा शिवला. वर तिचा टोमणा असायचाच, "मुझे तो कभी इतने जतन से नहीं रखा." पाशामियाँ हसायचा. खोटं काय बोलायचं, जतन तो त्या पुस्तकाचंच जास्त करायचा.

रस्त्यावर त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. पोलिसांशी तर नाहीच. आपल्याकडे जीपवाल्याला पोलिसानं हात केला तर त्याचा अर्थ लहान पोरही सांगेल. साहेबांना पुढच्या गावाला जायचंय. मग पुढच्या सीटवरच्या माणसानं मुकाट मागे सरकायचं, ड्रायव्हरनं दार आतून उघडायचं, "बसा साहेब" म्हणायचं आणि साहेब सांगतील तिथे उतरवायचं. भाडं कोण मागतंय! बदनापूर असो नाहीतर राजूरचा फाटा, हात दिसला की पाशामियाँचा डावा हात आपोआप दाराच्या कडीकडे जायचा. इतकी वर्षं त्याचं लायसन कुणी नीट उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

बघितलं असतं तरी त्यात काही सापडलं नसतं. जे बिघडलं होतं, ते पुस्तकात नव्हतं.

आधी दिव्यांपासून सुरुवात झाली. तिन्हीसांजेला समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती रंगांची कडी दिसायला लागली, निळी, तांबडी, एकात एक. पाशामियाँला ती आवडली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हा गाडी बाजूला घेऊन कडी बघत बसायचा. मग हळूहळू डाव्या अंगाचं जग कमी होत गेलं. एक दिवस घराच्या दारातून आत शिरताना त्याचा खांदा चौकटीला आपटला. दुसऱ्या दिवशी डावीकडे बसलेली सुगराबी ताट पुढे करतेय हेच त्याला कळलं नाही. तिनं बळजबरीनं जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, डावा डोळा कडेकडेनं विझत चाललाय, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळा आणि गाडी चालवणं सोडा.

थेंब त्यानं घेतले. गाडी सोडली नाही. सुगराबीला आण घातली, कुणाला सांगायचं नाही. येत्या उन्हाळ्यात लायसनची मुदत संपत होती. तेव्हा डोळे तपासणार आणि खेळ खलास होणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. तोवर आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर आपण डोळे मिटूनसुद्धा जाऊ, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. माणूस स्वतःला किती सफाईनं फसवतो! पाशामियाँ तर त्यात फारच तयार होता.

अशात शहाण्णवच्या दिवाळीनंतर राजूरहून द्वारकाबाईंचा निरोप आला. द्वारकाबाई म्हणजे राजूरच्या जुन्या शेतकरी घरातल्या, पासष्टी उलटलेल्या, बोलणं तुटक पण हात सढळ. दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन, कुठेही जायचं तर पाशामियाँचीच जीप. त्या त्याला 'पाशा' म्हणत, तो त्यांना 'माय' म्हणे. निरोप मिळताच तो राजूरला गेला.

"पाशा, पशुपतीला जायचंय. नेपाळात. येतू का?"

पाशामियाँनं हातातला चहा खाली ठेवला. नेपाळ! म्हणजे डोंगर. म्हणजे तोच रस्ता, जो जाफराबादला थांबत नाही. आपला डोळा, आपली मुदत, डॉक्टरांचं बोलणं, सगळं त्या एका क्षणात त्याच्या समोर आलं आणि सगळ्याला बाजूला सारून तो म्हणाला, "माय, तुमी म्हनलं अन् म्या आलो न्हाई, असं झालंय का कधी?"

सुगराबीनं दोन दिवस त्याच्यापुढे ताट आदळलं. तिसऱ्या दिवशी सदऱ्याचा आतला खिसा दुहेरी टाका घालून पक्का करून दिला आणि म्हणाली, "उस बुढ्ढी की जान तुम्हारे हात में है, इतना याद रखो."

सोबतीला द्वारकाबाईंचे धाकटे भाऊ रामराव होते. वाटेत बोलाचालीला, व्यवहाराला पुरुषमाणूस हवा म्हणून त्यांना घेतलं. रामराव जालना सुटताच झोपले. नागपुरात उठून चहा घेतला, जबलपूरला उठून पाणी मागितलं, काशीला गंगेत बुडी मारून पुन्हा झोपले. त्यांचा व्यवहार सगळा घोरण्यात चालला होता.

पाशामियाँ मात्र तरंगत होता. दिवसाउजेडीच चालवायचं, तिन्हीसांजेला मुक्काम करायचा, असा नेम त्यानं घातला. रस्ते सरळसोट होते आणि रहदारी बेताची, त्यामुळे निभावून गेलं. द्वारकाबाई मागच्या सीटवर बसून माळ ओढत. गोरखपूरच्या पुढे सरहद्द आली. कमान ओलांडली, गाडीचे कागद झाले, आणि पाशामियाँ परदेशात गाडी चालवू लागला. माती तीच दिसत होती, झाडं उंच होती. रस्त्यावर धुकं उतरलेलं होतं आणि त्या धुक्यातून सालवृक्षांची खोडं एकामागून एक उगवत आणि विरत होती. हे सगळं आपण टेंभुर्णीच्या स्टँडवर बसून आधीच बघितलंय, असं त्याला राहून राहून वाटत होतं. आत्ता कुणी काच वाजवली तर जाग येईल आणि समोर पानटपरी दिसेल, अशी त्याला भीतीही वाटत होती.

काच कुणी वाजवली नाही. शिट्टी वाजली.

धुक्यातून एक हात वर झालेला दिसला. हाताला बाही होती, सरहद्दीवरच्या पोलिसांसारख्या निळ्या शर्टाची. कमरेला पट्टा, तोंडात शिट्टी, पायात रबरी चप्पल. खांद्यावर बिल्ल्याची खूण तेवढी होती, बिल्ला नव्हता. आजूबाजूला ना चौकी, ना दुसरा माणूस. परमुलखात गाडी चालवणारा दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. पाशामियाँनं जीप थांबवली, डावा हात सवयीनं कडीकडे गेला आणि दार उघडलं.

"आवो साहेब, बैठो. किधर तक जाना?"

निळ्या शर्टाचा माणूस तिशीचा असेल. तो गोंधळला. "लाइसेंस," तो म्हणाला.

पाशामियाँनं आतल्या खिशातून पुस्तक काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट केलं आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकलं. "इंडिया का लाइसेंस इधर नहीं चलता. मामला बनेगा."

"बराबर है साहेब," पाशामियाँ म्हणाला, "बनाव ना मामला. पर बैठ के बनाव. कित्ती ठंडी है!"

त्याला खरोखरच वाटत होतं, की साहेबांना पुढच्या गावाला जायचंय आणि मोठी माणसं जशी आधी जरा रुबाब करून घेतात तसं हे चाललंय. मागून द्वारकाबाईंनी वाकून बघितलं.

"हवालदार हाय का रं, पाशा? मंग बसव की. गारठून गेलंय लेकरू."

त्या माणसाला मराठी कळलं नसेल, पण म्हातारीच्या आवाजातलं कळलं असावं. शिट्टी तोंडातून काढून तो आत बसला. बसतो न बसतो तोच गाडी निघाली.

"अरे रोको! हम रोकने को बोला, चलने को नहीं!"

"हाँ हाँ साहेब, तुम्हारा गाँव आया के रोकता."

आता काय बोलावं! चालत्या गाडीत बसून गाडी अडवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. द्वारकाबाईंनी फडक्यातून धपाटे काढले, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि त्याच्या हातात दिले. त्यानं आधी 'नहीं नहीं' केलं. मग एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला त्यानं विचारलं, "माताजी, ये कौन देश की रोटी है?" पाशामियाँनं सांगितलं, जालना. जालना कुठे आहे, त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं गाव कुठे आहे, ते पाशामियाँला ठाऊक नव्हतं. रामराव घोरत होते. धुक्यातून जीप चालली होती.

पाशामियाँला मात्र आतून टोचायला लागलं होतं. पुस्तक अजून त्या खिशातच होतं. हरवलं, फाटलं, याच्याकडेच राहिलं, तर नवं मिळायचं नाही. नव्यासाठी डोळे दाखवावे लागतील. त्या एका खिशात आपलं सगळं आयुष्य गेलंय असं त्याला वाटलं.

एक पोलीस चौकी आली. खरी, पाटी लावलेली, बाहेर बाकडं टाकलेली. चौकी जवळ येताच निळा शर्ट सीटवरून घसरत खाली बसला, पार डॅशबोर्डच्या खाली, आणि पट्टा बांधतोय असं दाखवू लागला. बाकड्यावरच्या शिपायानं एक हात हलवून जीपला पुढे जायला सांगितलं. पाशामियाँला यातलं काही दिसलं नाही, कारण ते सगळं त्याच्या डाव्या अंगाला घडलं होतं. द्वारकाबाईंनी मागून सगळं पाहिलं आणि माळेचा एक मणी पुढे ढकलला.

त्यानंतर थोड्याच वेळात ते झालं. डावीकडून, धुक्यातून, गवताचा भारा लादलेली सायकल रस्त्यावर येत होती. भाऱ्यामागून माणसाचं फक्त डोकं दिसत होतं. पाशामियाँ त्याच वेगात चालला होता. त्याच्यासाठी तिथे ना सायकल होती ना माणूस, नुसतं पांढरं धुकं होतं.

"बायें! बायें देखो!"

निळ्या शर्टानं ओरडून स्टिअरिंगला हात घातला. जीप उजवीकडे हेलपाटली, गवताच्या काड्या काचेवर घासत गेल्या, आणि गाडी थांबली. मागे सायकलवाला शिव्या देत होता. शिव्या देत होता म्हणजे जिवंत होता. रामराव उठले, "आलं का पशुपती?" म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा निळा शर्ट पुढे वाकून बसला होता. काही न विचारता तो हलक्या आवाजात सांगू लागला. "बायें बैल है. बायें दो लड़की. अब खाली है. अब पुलिया." पाशामियाँ ऐकत होता आणि तसं तसं चालवत होता. कुणीतरी आपला अर्धा रस्ता आपल्याला परत देतंय, असं त्याला वाटलं.

"कब से नहीं दिखता?" बऱ्याच वेळानं त्या माणसानं विचारलं.

सुगराबीशिवाय कुणाला न सांगितलेली गोष्ट पाशामियाँनं परमुलखातल्या एका अनोळखी माणसाला सांगून टाकली. "दो साल हुए साहेब. रोज थोडा थोडा जारा."

"पीछे माताजी को मालूम?"

पाशामियाँनं मान हलवली, नाही म्हणून.

एका फाट्याजवळ त्या माणसानं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरला, पण गेला नाही. गाडीला वळसा घालून पाशामियाँच्या बाजूला, उजवीकडे, त्याला दिसेल असा येऊन उभा राहिला. खिशातून पुस्तक काढून त्यानं पाशामियाँच्या हातावर ठेवलं.

"हम पुलिस नहीं हैं."

"तो क्या हुआ साहेब," पाशामियाँ म्हणाला, "गाडी में जगह तो थी."

तो माणूस हसला नाही. पाशामियाँच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. "हम रोज झूठमूठ का रोकते हैं. आज पहली बार सच में रोक रहे हैं. आगे पहाड़ है. नदी बायें है, पूरे रास्ते बायें. आप मत जाइये." एवढं बोलून तो फाट्यानं चालू लागला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

पुस्तक हातात होतं. शिक्का शाबूत, फोटो शाबूत, मुदत अजून बाकी. जगातला कुठलाही पोलीस आता पाशामियाँला अडवू शकत नव्हता. चावी फिरवायची आणि निघायचं. डोंगर इथून काही तासांवर होते, ज्यांच्यासाठी तो जन्मभर स्टँडवर बसून काचेबाहेर बघत आला होता. पण त्याचा हात चावीकडे जाईना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की आरशातून मागे बघायचीही हिंमत होईना.

मागचं दार उघडलं. द्वारकाबाई खाली उतरल्या, लुगडं सावरत पुढे आल्या आणि डाव्या सीटवर चढून बसल्या. बायामाणसांनी मागे बसायचं, ही त्यांच्या घरातली जन्माची रीत होती; ती त्यांनी तिथे, त्या फाट्यावर मोडली.

"चल," त्या म्हणाल्या. "हळू घे. डाव्या अंगाला बकऱ्या हायेत."

पाशामियाँनं चकित होऊन त्यांच्याकडे तोंड वळवलं. "माय, तुमाला..."

"सायकल मलाबी दिसली ना, बाबा."

"मंग तवाच बोल्ल्या का न्हाई?"

"तू बोलशील म्हनून वाट बघून राह्यले."

पाशामियाँ रडला. मोठा माणूस, पन्नाशीला टेकलेला, स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. द्वारकाबाईंनी त्याला रडू दिलं. मग बकऱ्या गेल्या, आणि जीप बैलगाडीच्या चालीनं निघाली. "डावीकडं खांब. डावीकडं पोरं. आता बिनघोर जाय." साऱ्या सपाट मुलखात त्या तशाच बोलत राहिल्या, आणि माळ त्यांच्या मांडीवर तशीच पडून राहिली.

नारायणगढला सपाटी संपली. समोर डोंगर उभे होते, निळे, एकामागे एक, अगदी त्याच्या डोळ्यांत होते तसेच. रस्ता त्यांच्यात शिरत होता. पाशामियाँनं ते पोटभर बघितले. मग जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चावी काढून द्वारकाबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"माय, घाट म्या चढनार न्हाई. उतारूंच्या बसनं जाऊ."

"अन् तू?"

"म्याबी उतारूच."

परतीला भारताच्या बाजूचा एक ड्रायव्हर धरून, नारायणगढला ठेवलेली जीप जालन्याला आणली. उन्हाळ्यात मुदत संपली, तेव्हा पाशामियाँ नव्या शिक्क्यासाठी गेला नाही. स्टँडवर लोकांनी कारण विचारलं. "पोलिसानं अडवलं," एवढंच तो सांगायचा. कुठल्या पोलिसानं, म्हणून लोक मागे लागायचे, तेव्हा तो नुसता हसायचा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी बसमध्ये द्वारकाबाईंनी त्याला खिडकीशी बसवलं, डाव्या बाजूच्या. रामराव मागच्या बाकावर कुणाच्या तरी खांद्यावर झोपून गेले होते. बस निघाली आणि खाली नदी दिसू लागली, हिरवी, दगडांवरून उसळत चाललेली. गाडी चालवणाऱ्याला असली नदी कधी पुरती बघता येत नाही. रस्त्यावरची नजर काढता येत नाही. पाशामियाँनं सगळी मान वळवली, उजवा डोळा काचेला लावला आणि नदी बघत राहिला. वरच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती, त्यांच्याही वर ढग होते, आणि ढगांच्या वर काहीतरी पांढरं चमकून गेलं. ढग की बर्फ, ते त्याला कळलं नाही आणि त्यानं कुणाला विचारलंही नाही.

मग त्याचे डोळे मिटायला लागले. चालत्या गाडीत तो आयुष्यात कधी झोपला नव्हता. क्लीनर असताना उस्तादानं झोपू दिलं नाही, ड्रायव्हर झाल्यावर स्वतःनं दिलं नाही. आता त्याचं डोकं काचेवर टेकलं आणि तो गाढ झोपला.

पुढे एक आंधळं वळण आलं. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. झोपेतच पाशामियाँचा उजवा पाय उचलला गेला आणि बसच्या रिकाम्या पत्र्यावर करकचून दाबला गेला. वळण गेलं तरी पाय तसाच ताठ होता. द्वारकाबाईंनी ते बघितलं. त्यांनी हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाय सैल पडेपर्यंत तो काढला नाही.